हरभऱ्यातला भोंगा

भोंगा पुन्हा ओरडला, तशी शेतातल्या कडब्याच्या कोपीत झोपलेली गीतांजली उठून बसली.

"हाऽऽड. निघ मुडद्या, निघ. दिसायलास मला."

आवाज तिच्या आज्जीचा होता. आज्जी मात्र शेजारीच गोधडीत गुडूप होऊन घोरत होती.

"आबा, रात्रभर असंच ओरडणार का आज्जी?"

"रात्रभर," अर्जुनराव म्हणाले. "आधी मेमरी कार्डात माझा आवाज भरला होता. हरणं ऐकत उभी राहायची. हिचा भरला, तवापासून एक बी फिरकंना."

गीतांजली हसली नाही. कडब्याच्या फटीतून बाहेर पाहत राहिली. येळवसीचा दिवस कधीच संपला होता. या अमावस्येला शेतातच पूजा, शेतातच सगळ्या भाज्या मिळून केलेली भज्जी आणि आंबील. आज्जीनं, म्हणजे सुभद्राबाईंनी तर दुपारभर रस्त्यावरच्या अनोळखी गाड्या अडवून माणसं जेवायला बसवली होती. संध्याकाळी लेक-सून गावातल्या घरी गेले. नऊ वर्षांची गीतांजली हट्टानं कोपीत मुक्कामाला राहिली, कारण आबांनी तिला लातूरला फोन करून सांगितलं होतं, येळवसीला ये, हरणं दाखवतो. सकाळी साडेआठच्या एस.टी.नं ती परत जाणार होती.

"इथं हरणं नसतातच ना?" ती हळूच म्हणाली. "मी यावं म्हणून सांगितलं तुम्ही."

"हायत की."

"मग दिसली का नाहीत?"

"भोंग्याला भेतात."

"म्हणजे तुम्हीच हाकलणार आणि तुम्हीच दाखवणार?"

ती रागावली असती, तर अर्जुनरावांना समजूत घालता आली असती. पण ती रागावली नव्हती. खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसांना लहान मुलं माफ करून टाकतात, तसं तिनं आबांना माफ केलं आणि पलीकडं तोंड करून झोपून गेली.

अर्जुनरावांना मग झोप लागेना. दोन एकर हरभरा. नुकते घाटे धरलेले. मागच्या आठवड्यात शेजारच्या नरसिंगाच्या भोंग्याची बॅटरी उतरली, तर सकाळी अर्ध्या एकराचे शेंडे गायब. भोंगा दर दोन मिनिटांनी ओरडत होता आणि ते या कुशीवरून त्या कुशीवर होत होते.

झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला ते उठले, बांधावर गेले आणि बॅटरीची वायर काढली. पाच मिनिटं, त्यांनी स्वतःला सांगितलं. फार तर दहा.

गीतांजलीला उठवून ते तुरीच्या ओळीआड बसले. एकाच घोंगडीत दोघं.

"बोलायचं न्हाई," ते तिच्या कानात म्हणाले. "वारं तिकडून आपल्याकडं यायलंय, म्हणून वास जाणार न्हाई. पण आवाज जातो."

आधी आलं ते हरीण नव्हतंच. मांजराहून थोडं मोठं काहीतरी बांधावरून दुडकत आलं आणि कोपीसमोर सांडलेली भज्जी चाटू लागलं.

"कुत्र्याचं पिल्लू," गीतांजली पुटपुटली.

"शेपटीचं टोक बघ. काळं हाय का?"

"हो."

"मग खोकड. कोल्ह्याचा लहान भाऊ समज." अर्जुनरावही थक्कच झाले होते. कित्येक वर्षांत त्यांनी खोकड पाहिलं नव्हतं.

खोकडानं अचानक मान वर केली आणि ते पसार झालं. समोरच्या माळावर काहीतरी हललं होतं. एक हरीण खाली उतरलं. मग दुसरं. तीन-चार येतील, असा अर्जुनरावांचा अंदाज होता. पण ती येतच राहिली. गीतांजली दरेकासाठी त्यांच्या तळहातावर एक बोट टेकवत होती. सतरा वेळा टेकवलं. शेवटी पिळाच्या शिंगांचा काळवीट आला आणि सगळ्यांनी मिळून हरभऱ्यात माना घातल्या.

शेंडे खुडल्याचा आवाज येऊ लागला. बारीक, कुरकुरीत. अर्जुनरावांना त्यातला एकेक शेंडा ऐकू येत होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली. उठून एक टाळी वाजवली असती तरी पुरे होतं. पण त्यांचा हात गीतांजलीनं दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

सुभद्राबाईंना जाग आली ती शांततेनं. पदर खोचत त्या बाहेर आल्या. वायर निघालेली दिसली, शेतात हरणं दिसली, तुरीआड हे दोघं दिसले. दोघांच्या मागं येऊन त्यांनी ओरडायला छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात गीतांजलीनं मागं न बघताच हात लांबवून त्यांचं लुगडं पकडलं आणि खाली ओढलं. सुभद्राबाई बसल्या.

"नरसिंगाचं बघितलाव की," त्या नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या. "तरी?"

"पोरगी साडेआठला जायलीय," अर्जुनराव म्हणाले.

सुभद्राबाईंनी नातीकडं पाहिलं. ती तोंड उघडं टाकून बघत होती. मग त्यांनीही समोर पाहिलं.

कळपाच्या मागं एक पाडस होतं. ते हरभऱ्याच्या एका झाडाकडं जाई, तर काळवीट शिंग हलवून त्याला हुसकून लावी. दुसऱ्या झाडाकडं जाई, तिथंही तेच. पाडस बांधाशी येऊन कोरडं गवत हुंगत उभं राहिलं.

सुभद्राबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग पुढं वाकल्या आणि शेजारच्या दोघांनाच कसंबसं ऐकू जाईल, इतक्या हळू त्या काळविटाला म्हणाल्या, "अरं, त्या बारक्याला बी खाऊ दे की रं."