इतोयची ताटली

व्हॅन सांगितलेल्या वेळेच्या आधीच आली आणि सगळ्यांचा भात अर्धा राहिला.

नानायनं, म्हणजे आईनं, तोंडातला घास कसाबसा गिळला आणि ती उठली. लिवायला वाटलं, आईच्या हाताला धरून तिला परत खाली बसवावं. पण सतरा वर्षांच्या मुलीला असलं काही शोभत नाही. तिनं उठून आईची बॅग दाराशी नेऊन ठेवली आणि पुन्हा आपल्या ताटलीसमोर येऊन बसली.

जेवण चालू असताना कुणी प्रवासाला निघालं, की मागे राहिलेल्यांनी आपापली ताटली जागच्या जागी गोल फिरवायची. म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. गेल्या नाताळानंतर वडील बोटीवर कामाला निघाले, तेव्हा लिवाय हसली होती. "ताटली फिरवून बोट तरंगते होय?" असंही म्हणाली होती. आज मात्र कुणी सांगायच्या आत तिनं ताटली फिरवली. सुका मासा कडेवर घसरला, तो बोटानं आत लोटला, आणि आपण नीट पूर्ण फिरवली ना, या शंकेनं पुन्हा एकदा फिरवली.

"इतोय, तुझी राहिली," नानाय म्हणाली.

पाच वर्षांच्या इतोयनं आपली ताटली दोन्ही हातांनी घट्ट धरली. "नाही."

बाहेरून ड्रायव्हर ओरडला, "अहो मानांग, अहो ताई, विमान काय तुमचा भात संपायची वाट बघत बसणार आहे?"

"गप रे," तिया नेनिता व्हॅनमधूनच म्हणाली. ती मावशी, विमानतळापर्यंत सोबत निघालेली. "तुझी बायको ताटली फिरवत नाही वाटतं. तरीच तुझे टायर सारखे फुटतात!"

घरात कुणी हसलं नाही. नानायचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता, एक आत.

चार दिवस युद्धामुळे आखातावरचं आकाश विमानांना बंद होतं. काल संध्याकाळी ते उघडलं आणि लगेच एजन्सीचा फोन आला, की उद्याच निघा. कुवेतमध्ये कुणाची तरी म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं करायला नानाय चालली होती. आकाश उघडतं म्हणजे काय होतं, हे लिवायला कळत नव्हतं. जे काल तिथून उडत होतं ते आज कुठे गेलं? शाळेत तिला नकाशा फार आवडायचा. बोट ठेवून म्हणायची, मोठी झाले की इथे जाणार, इथे जाणार. तीच नावं आता रोज बातम्यांत येत होती, मागे काळा धूर घेऊन. जगात कुठेही आग लागली, की या गावातलं एखादं तरी घर फोन हातात धरून जागं बसतं. मोठं होणं म्हणजे हेच असेल, तर तिला एवढ्यात व्हायचं नव्हतं.

"फिरव ना रे शहाण्या," लिवाय म्हणाली.

"नाही फिरवणार."

"का पण?"

"फिरवली की जातात." त्यानं ताटली आणखी जवळ ओढली. "ताताय बोटीवर निघाला तेव्हा फिरवली होती. गेला की नाही तो?"

नानायनं तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. तिचा खांदा तेवढा लिवायला दिसत होता. हॉर्न पुन्हा वाजला.

लिवायनं भावाच्या हातांवर हात ठेवले. त्याची बोटं एकेक करून सोडवता आली असती. तेवढं बळ तिच्यात होतं. पण जबरदस्तीनं फिरवलेली ताटली चालते का? हसली होती ना ती तेव्हा, ते कुठेतरी मोजलं तर गेलं नसेल?

ती त्याच्या कानाशी वाकली. "वेड्या, फिरवली नाही तर जाणारं माणूस वाट चुकतं. फिरवली की परत येतं."

"नक्की?"

"नक्की."

"शप्पथ?"

तिनं त्याचे हात सोडले. "शप्पथ."

तिचाच आवाज तिला परका वाटला. मोठी माणसं असं बोलतात तेव्हा त्यांनाही काही ठाऊक नसतं, हे तिला आत्ता, भाताच्या वासात बसल्याबसल्या कळलं.

इतोयनं जीभ दातांत धरून ताटली फिरवली, हळूहळू, भाताचं एक शीतही न सांडता. नानायनं ते पाहिलं. दुसरा पाय तिनं उंबऱ्याबाहेर घेतला. व्हॅनचं दार सरकलं, आदळलं. चाकांखाली खडी वाजली आणि आवाज लांब लांब होत गेला.

लिवायनं घास उचलला आणि परत ताटलीत ठेवला.

शेजारी चिनी माती टेबलावर घासल्याचा आवाज झाला. इतोय आपली ताटली पुन्हा फिरवत होता. या वेळी उलट्या बाजूनं.

"हे काय करतोस?"

"परत आणतोय तिला," तो म्हणाला. "अशी फिरवली की लवकर येईल ना, आते?"

थोरल्या बहिणीला तो आते म्हणायचा. लिवायनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. याला अडवावं का? आधीचं सगळं या उलट्या फेरीनं पुसलं तर जात नसेल? का खरंच असं करायचं असतं? नानायला विचारावं म्हणून तिनं दाराकडे मान वळवली. दार उघडंच होतं. रस्त्यावर धूळ अजून खाली बसायची होती.

ताटली निम्मी फिरून झाली होती. इतोय तिच्या तोंडाकडे बघत थांबला होता.