पिवळा फ्रॉक

ड्रायरचा बझर वाजला आणि अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरातली दुपारची शांतता मोडली.

आसावरीला कसं हलकं वाटत होतं. चीनमधल्या सुझौच्या कालव्याकाठी निवांत चहा पीत सुट्टी मजेत गेली; फक्त एका संध्याकाळी चिमुकली केया गल्लीत हरवली, तेव्हा आसावरीचा जीव अर्धा झाला. पण पोर सापडली. घरी आल्याआल्या तिने दारातच लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

“बास गं, आली ना सुखरूप!” नवरा हसला होता.

ती गुणगुणत घड्या घालू लागली. केयाचा पिवळा फ्रॉक आला, आजीने साडीतून शिवलेला, एकुलता एक.

त्याखाली आणखी एक निघाला. तस्साच. आसावरीने स्वतः घातलेल्या निळ्या, वेड्यावाकड्या टाक्यांसकट.

शेजारी खेळणाऱ्या केयाने तो उचलून गालाला लावला.

“आई, हा तर तिचा! मग तिकडे त्या गल्लीत तिने आता काय घातलं असेल?”