उघडं कार्ड

गंगाराम साबळ्याच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. चार ओळींचं पत्र. मुलगी झाली, कान तूच टोचायचे, लोणी भापकरला घरी ये, कधी येतोस ते कळव. खाली जयभीम आणि सही. सोपानराव डहाळ्यांना ते पाठ होतं. फाडून टाकलं असतं तरी पाठच राहिलं असतं, म्हणून फाडलं नव्हतं.

इंदापूरच्या पेठेतलं सोन्याचांदीचं दुकान आता मुलगा सिद्धू बघत होता. सोपानराव कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर धरून बसत. त्या दुपारी एक बाई तान्ही मुलगी खांद्यावर घेऊन आत आली. शाळेतल्या बाईंची असते तशी कडक इस्त्रीची साडी, आणि कान भुंडे.

‘हिचे कान टोचायचेत.’

‘बसा की ताई,’ सिद्धू म्हणाला. ‘पुण्याहून मशीन आणलंय. खट्ट झालं की संपलं.’

‘मशीन नको. सोपान डहाळे कोण?’

‘बाबांनी सोडलं आता ते काम.’

‘मी लोणी भापकरची. गंगाराम साबळ्यांची रश्मी.’

पेपर खाली आला. सोपानरावांची नजर तिच्या कानांवर गेली. पाळ्या कोऱ्या होत्या. भोक बुजल्याची खूणसुद्धा नव्हती.

‘तुझे कान...’

‘आबांनी कुणाला टोचू दिले नाहीत. सोनाराला पत्र टाकलंय, उत्तर येईल, म्हणायचे. शाळेत पोरी भुंडी म्हणून हाका मारायच्या. लग्नात आईनं दाबाची फुलं लावली, ती पहिल्याच पंगतीला भातात पडली.’

ती हसली. सोपानरावांना हसता आलं नाही.

पासष्टच्या लढाईत दोघं सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होते. पंजाबातल्या उसाच्या फडात पोटावर सरपटत जायचं. गंगारामनं सळईनं सुरुंग हुडकायचा, सोपाननं सोनाराच्या बोटांनी तो मुका करायचा. एकाचं काम चालू असताना दुसऱ्यानं तीस पावलं मागं जायचं, असा हुकूम होता. गंगाराम जायचा नाही. शेजारीच पडून राहायचा. ‘सोनारा, संगंच गेलो तर तारवाल्याला एकाच फेरीत दोन्ही घरं व्हतील,’ म्हणायचा.

पेन्शन घेऊन सोपान दुकानात बसला आणि ते पत्र आलं. वडील म्हणाले, ‘पोरीला घेऊन हितं या म्हणावं, मागच्या दारानं. बौद्धवस्तीत सोनार जात न्हाय. तू गेलास तर उद्या पेठेतलं एकबी घर आपल्याला बारशाला बोलवायचं न्हाय.’ मागच्या दारानं या, असं लिहायला हात धजला नाही. येतो, असं लिहायलाही नाही. सोपान बावड्याला गेला, भवानीनगरला गेला, कारखान्याच्या चाळी करत पार बारामतीपर्यंत पोरांचे कान टोचत हिंडला. बारामतीच्या स्टँडवर लोणीची गाडी लागलेली दिसायची. तो इंदापूरच्या गाडीत बसायचा.

वडील पंचाहत्तर साली गेले. पुढची तेवीस वर्षं कुणावर ढकलायची, ते सोपानरावांना अजून सापडलं नव्हतं.

‘बस,’ ते म्हणाले. आणि लगेच, ‘नको. हितं न्हाय टोचणार मी.’

रश्मीचा चेहरा बदलला. ‘का? अजूनही चालत नाही का?’

‘तसं न्हाय, पोरी. लोणीला येतो. घरी. रविवारी. आबाला सांग.’

‘मी नाही सांगणार. आबांनी पत्र टाकलं होतं, निरोप नाही.’

सिद्धू काउंटरवरून वाकून हळू आवाजात म्हणाला, ‘बाबा, एवढ्या लांब कशाला? आणि तुमचा हात कापतो.’

‘रिकामा असला की कापतो. चार बाळ्यांची तार काढून ठेव.’

‘चार?’ रश्मीनं विचारलं.

‘दोन तुझ्या.’

तिनं मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

सोपानरावांनी पत्र लिहायला कागद मागितला. सिद्धूनं खणातून पोस्टाचं पाकीट काढून पुढं केलं.

‘कार्ड दे,’ सोपानराव म्हणाले.

‘बाबा, कार्ड उघडं जातं. पोस्टात सगळी आपल्या पेठेतली माणसं आहेत.’

‘म्हणूनच म्हणतोय, कार्ड दे.’

त्यांनी काउंटरवर कार्ड ठेवलं आणि उभ्यानंच लिहिलं. ‘गंगाराम, तुझं पत्र पोचलं होतं. मी भ्यालो. रविवारी पहिल्या गाडीनं येतो. मुलीचे आणि नातीचे कान टोचतो. सोपान.’ पत्ता लिहिताना ‘बौद्धवस्ती’ हा शब्द त्यांनी सगळ्यांत मोठा काढला. मग चपला घातल्या.

‘द्या की माझ्याकडं,’ रश्मी म्हणाली. ‘संध्याकाळपर्यंत मी घरीच पोचते.’

‘न्हाय. पोस्टमनला येऊ दे. दारात उभं राहून त्यानं नाव घ्यावं.’

पोस्टाची पेटी पेठेच्या टोकाला होती. मधे बारा-पंधरा दुकानं. सोपानराव मधोमध चालले, हातात कार्ड, शेजारी रश्मी. एक-दोघांनी विचारलं, ‘काय सोपानशेठ, कुठं निघालात?’ त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. ‘लोणीच्या साबळ्याला पत्र टाकायला.’

पेटीपाशी रश्मीनं आपल्या कानाची पाळी चिमटीत धरून पाहिली.

‘काका, या वयात दुखेल का हो?’

‘दुखंल,’ सोपानराव म्हणाले, आणि कार्ड पेटीत सोडलं.