हातचा गुण

“मावशी, औषधी मुळ्यांची नावं लिहून दिल्याशिवाय शहरातल्या आदिवासी उपचार केंद्राला निधी मिळत नाही,” केंद्र उभारणारे साहेब म्हणाले.

“मुळीचं नाव सांगितलं का हातचा गुण जातो, सायेब,” सोनकी भगतीण म्हणाली.

“कागद माझ्याच कपाटात राहील. अन् केंद्रात वैद्याच्या खुर्चीत तुम्हीच!”

शहरात इमारतींच्या कामावर खपणारी पाड्यावरची आजारी माणसं आठवून तिने सातही नावं सांगितली.

निधी आला. उद्घाटनाला नावं भिंतीवर रंगवलेली होती, चित्रांसकट. खुर्चीत साहेबांची प्रमाणपत्रवाली मेहुणी होती. तिला पुष्पगुच्छ द्यायचा मान तेवढा मावशीचा.

समई लावायला वाकलेले साहेब वाकलेलेच राहिले. मेहुणीला ओलांडून त्यांनी हाक मारली, “मावशी, कंबर धरली! जरा हात फिरवा.”

मावशीने तळवा निरखून पाहिला.

“यात काय नाय आता. भिंतीवर हाय, सायेब.”