गाळणीच्या घरी

ड्रायव्हर पुन्हा परत आला. सोबत गाळणीचा शेरा होता: “नावं बदला. स्क्रीन बंद करताना, चालू करण्याच्या बरोबर उलट्या क्रमाने करा. नमस्कार.”

त्या नमस्काराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

हा ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. स्क्रीनने कधी जागं व्हायचं, काय दाखवायचं आणि कधी झोपायचं, हे ठरवणारा प्रोग्राम. रुग्णवाहिकेत बसवायच्या मॉनिटरसाठी तो तिने लिहिला होता, आणि तो चालत होता. नाडीची हिरवी रेघ कशी झोकात उड्या मारत होती! पण त्या कंपनीत गाळणीच्या मंजुरीशिवाय एकही ड्रायव्हर यंत्रात शिरत नसे.

गाळणी म्हणजे घरून काम करणारा तपासनीस. त्याला कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं. कोणी म्हणे, त्याच्या घरी भिंतीभर स्क्रीन आहेत. कोणी म्हणे, प्रोग्राममध्ये चुकून जादा पडलेली एक मोकळी जागा त्याला जिन्यातून दिसते. एक जण तर शपथेवर सांगे की स्वतःच्या लग्नाची पत्रिका तो सुधारायला परत पाठवत राहिला, आणि तोवर नवरीचं दुसरीकडे ठरून पोरंही झाली.

तिला हे सगळं खरं वाटू लागलं होतं. तिने स्क्रीनचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं, “फोटो नको, काय होतं ते लिहा.” प्रोग्राममधल्या आकड्यांना तिने घाईत टी-एक, टी-दोन अशी नावं ठेवली होती. “मोठ्याने वाचून बघा, काही कळतं का?” सूचनांभोवती तिने चांदण्यांच्या चिन्हांची सुबक चौकट काढली होती. “ही नक्षी काढा. डोकं उठतं.” एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, जरा लांबलं. “शेवटाला येईतो सुरुवात विसरायला होते.”

“विसरायला होते म्हणजे?” ती ऑफिसात ओरडली. “मान वर कर आणि बघ की!”

शेजारचा बॅटरीवाला हसलासुद्धा नाही. त्याचं त्यालाच झालं होतं. चाचणीत मॉनिटर बंद करून ठेवला तरी बॅटरी रिकामी व्हायची, आणि साहेब रोज त्याला धारेवर धरायचे. आज साहेब तिच्याकडे वळले. “उद्यापर्यंत मंजुरी आण. नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो, मग तुझ्या खुर्चीचं काय ते बघू.”

तिने स्क्रीन, तिचं सर्किट, बॅटरी, वायरी असा सगळा संसार पिशवीत कोंबला आणि बस पकडली. लिहून कळत नाही ना? तोंडावर नेऊन आपटते! गाळणीच्या घराचा जिना चढताना तिने ठेवणीतल्या शिव्यांची उजळणी केली.

दार त्याच्या बहिणीने उघडलं. “ओरडायला आलात?”

“हो.”

“मग आधी पाणी प्या. कोरड्या घशाने आवाज फुटत नाही.” पाणी पिऊन झाल्यावर बहिणीने आतल्या खोलीचं दार ढकललं आणि दिवा लावला. “पाहुण्या आल्यात रे तुझ्याकडे.”

रस्त्याचा गोंगाट नको म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या. खुर्चीत एक ऐसपैस माणूस बसला होता, एका कानात इअरफोन. त्यातून कोणीतरी भराभर ओळी वाचत असल्यासारखी कुजबुज येत होती. तिने त्याला बोलूच दिलं नाही. पिशवीतून स्क्रीन काढून, वायरी जोडून सरळ त्याच्या मांडीवर ठेवली.

“ही चालू केली. रेघ येतेय. ही बंद केली. काळीकुट्ट! आता सांगा सर, आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

गाळणीने स्क्रीनवर तळहात ठेवला. ठेवला तो ठेवलाच.

“आशीर्वाद देताय का?”

“बंद कधी केलीत?”

“तुमच्यासमोरच की!”

“मग गार व्हायला हवी. ही तर तापत चाललीय.” त्याने हात कडेकडेने फिरवला. “तुम्ही चित्र घालवलंत, बाई. चित्रामागचा दिवा जळतोच आहे. चालू करताना तो शेवटी लागतो ना? मग बंद करताना तो पहिला विझवायचा. तुम्ही आधी चित्र घालवलंत आणि त्याला विसरून गेलात. तो अख्खा दिवस बॅटरी खात बसणार. पेशंट गाडीत घेतील तेव्हा मॉनिटर मेलेला.”

तिला बॅटरीवाल्याचा चेहरा आठवला. पण इथवर चढून आलेला राग असा एकदम उतरतो होय?

“दिवा जळत असता तर दिसला नसता? मला डोळे आहेत, सर!”

“खोलीत उजेड असेल, म्हणून दिसत नसेल. खोलीतला दिवा घालवून बघा.”

“बटण कुठाय?”

“ताईला विचारा. मला ठाऊक नाही.”

स्वतःच्या खोलीतलं बटण ठाऊक नाही, आणि निघालाय माझ्या चुका काढायला! ती पुटपुटत दाराशी गेली, भिंत चाचपली आणि बटण दाबलं.

खोली काळोखात बुडाली. आणि त्याच्या मांडीवरची ती काळीकुट्ट, बंद, मेलेली स्क्रीन विझत्या शेगडीतल्या राखेसारखी मंद उजळून निघाली.

 बरोबर आणलेली एकही शिवी आता कामाची नव्हती.

“सर,” ती हळू आवाजात म्हणाली, “उजेड आहे.”

“असेल,” गाळणी म्हणाला. “मी जन्मापासून उजेड पाहिलेला नाही. तुम्ही म्हणताय, तर विश्वास ठेवतो.”