मानाचे हातमोजे

चुलीचं लोखंडी झाकण खणकन वाजलं आणि गप्प घरात लेक दचकली. "जळू दे, बोलू नकोस," मी पुटपुटले. आत नवऱ्याच्या फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळातला विधीचा एप्रन आणि त्याचे पांढरे हातमोजे जळत होते. जर्मनांनी फ्रान्सच्या सीमेवरचं आमचं अल्सास घेतल्यापासून या मंडळाचा सभासद, म्हणजे मेसन, सापडला की त्याची रवानगी छावणीत होई. नवरा सकाळपासून चौकशीसाठी ठाण्यात होता.

राख गार होण्याआधीच शिपायाला घेऊन अधिकारी आला. कपाटं, गाद्या उलथून काही मिळेना, तेव्हा खुर्ची ओढून तो गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुमचे हातमोजे दाखवा."

"माझे?"

"नव्या मेसनला दोन जोड मिळतात. एक स्वतःसाठी. दुसरा, ज्या बाईला तो सर्वांत जास्त मानतो, तिच्यासाठी. बायका तो जिवापाड जपतात. काढा बघू."

नवरा मंडळात गेला तो आमच्या लग्नानंतर. असा जोड मला कधी मिळालाच नव्हता. डोळे भरून आले, ते अधिकाऱ्याने पाहिलं.

"हिला हातमोज्यांचं खरंच ठाऊक नाही," तो शिपायाकडे वळून हसला. "म्हणजे हिचा नवरा मेसन नव्हेच. सोडून द्या त्याला."

दोघे निघून गेले. माझा नवरा वाचला होता, आणि मी चुलीपाशी मान खाली घालून बसले. "बाबा येणार!" म्हणत लेक टुणटुण उड्या मारू लागली. मग एकदम थांबून तिने माझी हनुवटी वर केली.

"आई, बाबांनी तुझे हातमोजे कुणाला दिले गं?"