डब्याची कडी

कॉफीच्या डब्याची कडी शाल्मलीने सकाळी मुद्दाम भिंतीकडे करून ठेवली होती. दुपारी ती पुन्हा समोर आलेली दिसली.

हवा लागली की बियांचा वास उडतो, म्हणून तिने हा घट्ट झाकणाचा डबा अंधाऱ्या फडताळात ठेवला होता. बिया कमी होत नव्हत्या, पण डबा रोज उघडला जात होता. दिवसभर घरात तिच्याशिवाय फक्त सासूबाई आणि तान्हं बाळ.

"आई, डबा तुम्ही उघडता का?"

"मी कशाला? मला आपला चहा बरा."

सोमवारपासून शाल्मलीचं ऑफिस सुरू होणार होतं आणि बाळ सासूबाईंकडे राहणार होतं. साध्या डब्याबद्दल खोटं बोलणारी बाई बाळाबद्दल काय काय लपवेल, या विचाराने तिने पाळत ठेवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला जाते सांगून ती दाराआड थांबली. सासूबाईंनी डबा उघडला, त्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून श्वास ओढला. मग हताशपणे झाकण लावलं.

"आई?"

त्या दचकल्या. "मागे मला ताप आला ना, तेव्हापासून वासच येत नाही गं. म्हटलं, कॉफी एवढी उग्र, हिचा तरी येईल. तुला सांगितलं असतं, तर बाळाला पाळणाघरात ठेवलं असतंस."

परवा दूध करपलं तेव्हा त्या गॅसजवळच बसल्या होत्या, हे शाल्मलीला आता आठवलं.

डबा त्यांच्यापुढे सरकवत ती म्हणाली, "रोज उघडा. बिया शिळ्या झाल्या तर नव्या आणू."

आणि वळताना गॅसचं बटण तेवढं तपासून घेतलं.